माझ्या अक्षरातला अर्ज

माझं अक्षर सुंदर आहे. मिरवत नाही, आहे ते सांगते. देऊळगाव राजाच्या ज्या शाळेत मी शिकवते तिथं फळ्यावरचा सुविचार मीच लिहिते, आणि कोणी रिटायर होणार असलं की मानपत्रासाठी मलाच हाक येते. "मॅडम, काय अक्षर आहे हो!" असं कोणी म्हटलं की मी हसते. हे वळण कशावर घोटलं ते मात्र आजवर कोणाला सांगितलं नाही. ते मी बाबांच्या फिटच्या वहीवर घोटलं.

बाबा फौजेतून घरी आले तेव्हा मी पाचवीत होते. होते हवालदार, पण आमच्या दुसरबीडजवळच्या गावात फौजेतून आलेला प्रत्येक माणूस मेजरच असतो. तर मेजर घरी आले आणि सोबत मिरगी घेऊन आले. महिन्यातून एखादी फिट, कधी दोन. आमच्याकडे कोणाला फिट आली की लोक धावत येतात आणि नाकाला चप्पल लावतात, कांदा फोडून हुंगवतात. बाबांची घरात सक्त ताकीद होती. चप्पल आणायची नाही, हातपाय दाबायचे नाहीत, कुशीवर वळवायचं आणि घड्याळ बघायचं. घड्याळ माझ्याकडे होतं. शुद्धीवर आले की त्यांचा पहिला प्रश्न असायचा, "किती मिनिटं?"

"अडीच."

"लिही."

तारीख, वेळ, मिनिटं, मान कोणत्या बाजूला वळली, जीभ चावली का. सगळं दोन रेघांच्या मधोमध, खाडाखोड न करता. खाडाखोड झाली की पान पुन्हा लिहायला लावायचे. तोंडाला लागलेला फेस आई पुसतेय, बाप जमिनीवर पडलेला, आणि मी अनुस्वार बरोबर जागेवर देतेय. असली पोट्टी होते मी.

बाबांची मिरगी कुठून आली हे मला नीट सांगितलं पाहिजे, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. वर डोंगरात बर्फावरून त्यांची गाडी घसरली आणि खाली गेली. बाबांच्या कानामागे टाके पडले. ती खूण त्यांचे केस कापलेले असले की अजून दिसते. वर्षभरानं ड्युटीवर उभे असताना त्यांना पहिली फिट आली. आधी कधी आली नव्हती, एकदाही नाही. तिथल्या दवाखान्यात डॉक्टरनं हिंदीत विचारलं, घरात अजून कोणाला असं काही होतं का? आता शहाण्या माणसानं नाही म्हणून मोकळं व्हावं. पण आमचे बाबा! साहेबानं विचारलं म्हणजे खरं सांगायचं. ते म्हणाले, "माताजी के शरीर में देवी आती है, साहब."

माझ्या आजीच्या अंगात यायचं. नवरात्रात केस सोडून घुमायची आणि लोक समोर बसून तिला प्रश्न विचारायचे. म्हैस कुठं गेली, सुनेला मूल कधी होईल, विहिरीला पाणी कुठं लागेल. त्याला आमच्या गावात कोणी आजार म्हणत नव्हतं, पायावर डोकं ठेवत होते लोक. पण तो डॉक्टर कुठल्या दूर मुलखातला. त्यानं कागदावर लिहिलं की रुग्णाच्या आईला झटके येतात. घ्या! फौजेचं वैद्यकीय मंडळ बसलं, मंडळानं तो कागद पाहिला आणि निष्कर्ष काढला. आजार आनुवंशिक, शरीराच्या घडणीतला. सेवेमुळे झालेला नाही आणि सेवेमुळे वाढलेलाही नाही. नेहमीची पेन्शन मिळेल, अपंगत्वाची मिळणार नाही.

पैशाचं मी बोलतच नाही. घरात शेती होती, पेन्शन चालू होती, आणि बाबा पैशासाठी भांडले नाहीत हे मी कोणाच्याही तोंडावर सांगीन. तो कागद बाबांनी ओसरीवर बसून मराठीत समजावून सांगितला तेव्हा आजी शेंगा फोडत होती. तिनं हात थांबवले.

"म्हंजे माह्यामुळं झालं तुले हे?"

"नाही वं माय. त्याहीनं चुकीचं लिहलं."

"पन लिहलं ना."

त्या वर्षीपासून आजी घुमली नाही. डफ वाजायला लागला की पदराचा बोळा तोंडात कोंबून कोपऱ्यात बसायची आणि तशीच थरथरायची. दोन वर्षांनी गेली. तेरावा झाला आणि चौदाव्या दिवशी बाबांनी अपील केलं. त्यांना एवढंच पाहिजे होतं की सरकारी शिक्क्याच्या कागदावर लिहून यावं, हे माझ्या आईकडून आलेलं नाही.

अपील वर्षानुवर्षं चाललं. खालच्या पायरीवर एकदा फेटाळलं गेलं, मग वरच्या पायरीवर गेलं. बाबा तारखांना जायचे आणि पुढची तारीख घेऊन यायचे. अखेर एक चांगला वकील मिळाला. तो म्हणाला, टाक्यांचा कागद आहे, गाडीत सोबत असलेल्या जवानाचं पत्र आहे, तुमची फिटची वही तर इतकी नीट आहे की कोर्टाला हातात धरून वाचावीशी वाटेल. आडवं येतं ते तुमच्या आईबद्दलचं एक वाक्य. ते खोडायचं. गावातल्या पाच जुन्या माणसांचं लेखी आणा की हिला मिरगी नव्हती, अंगात येत होतं.

बाबा त्या दिवशी शिट्टी वाजवत घरी आले. माझ्या बापाला शिट्टी वाजवता येते हे मला चोविसाव्या वर्षी कळलं.

आणि नेमकं तेव्हाच माझं लग्न जमत होतं. स्थळ देऊळगाव राजाचं. मुलगा बँकेत, सासरे जुन्या रेकॉर्डच्या खोलीतून रिटायर झालेले कारकून, घर स्वतःचं, मुलगा दिसायला चांगला. मला तो आवडला होता. आईचा धाकटा भाऊ, माझा मेहकरचा मामा, त्यानं हे स्थळ आणलं होतं आणि सगळी सूत्रं त्याच्याच हातात होती. पाहुणे मला बघायला येणार त्याच्या आदल्या दिवशी मामा मोटारसायकल घेऊन आला आणि बाबांना म्हणाला, "चला भाऊजी, दोन दिवस हिवरा आश्रमले राहून या. मनाले शांती भेटते." भर पाहुण्यांत फिट आली तर, ही भीती कोणी बोलून दाखवली नाही. बाबांनी कपाट उघडलं. घडी केलेले दोन शर्ट पिशवीत घातले, गोळ्या घेतल्या आणि मागं बसले. गाडी सुरू झाल्यावर एवढंच म्हणाले, "पाव्हणे गेले की फोन करजा."

पाहुण्यांना आम्ही सांगितलं की त्यांना अध्यात्माची फार ओढ आहे. सासूबाईंनी हात जोडले. मी आत जाऊन तोंडावर पदर धरून हसले. हसले मी, हो. लाज तेव्हा वाटली नव्हती, आता वाटते.

लग्न ठरलं. इकडे बाबा सह्या गोळा करत फिरत होते. चार झाल्या. एका म्हाताऱ्यानं तर अंगठा उठवताना सांगितलं, "तुह्या मायनं माही म्हैस नाल्यात फसली म्हून सांगतलं होतं, अन् तिथंच सापडली. मिरगी म्हणते का कोणी तिले?" पाचवी सही पोलीस पाटलांची. पाटील नात्यानं मुलाकडच्यांचे लांबचे लागत होते. हे बाबांनाही माहीत होतं, पण त्यांना वाटलं, खऱ्या गोष्टीला काय भ्यायचं. पाटील म्हणाले, "ठेवून जा मेजर, सकाळी करतो." आणि बाबांची पाठ फिरताच त्यांनी मामाला फोन लावला.

सकाळी चहा व्हायच्या आत मामा दारात. चप्पलसुद्धा काढली नाही.

"भाऊजी, डोकं ठिकाणावर हाय का तुमचं? पोरीची तारीख निघून राह्यली अन् तुम्ही गावभर मिरगीचा कागद फिरवून राह्यले?"

"मिरगी नव्हती असा कागद हाय तो," बाबा म्हणाले.

"लोक 'नव्हती' वाचत नाहीत, भाऊजी. 'मिरगी' वाचतात. पाटलानं तिकडं फोन नाही केला, मले केला, हे नशीब समजा. अपील चालू हाय तोवर कागद येत राह्यतीन, तारखा येत राह्यतीन, कोणी ना कोणी इचारत राह्यीन. मागं घ्या ते."

बाबांनी आईकडे पाहिलं. आई माझी गरीब गाय वगैरे नव्हती. ती चुलीपाशी उभी राहून म्हणाली, "येवढे वर्षं तुमचा फेस पुसला, कधी बोलली का मी? आता पोरीच्या आडवे येऊ नका."

मग बाबा माझ्याकडे वळले. "तू बोल. तू शिकेल हायस."

मी बोलले. अगदी स्वच्छ, शाळेतल्या भाषेत बोलले. "बाबा, आजी गेली. तिला कोण काय म्हणतं यानं तिला आता काही फरक पडत नाही. मला पडतो."

बाबांनी चष्म्याचं घर पुढ्यात ओढलं. मग म्हणाले, "आण कागद."

वकिलाच्या कारकुनाला मामानं फोन केला. तो म्हणाला, काही मोठं नाही, मराठीत साधा अर्ज लिहा, वैयक्तिक कारणानं अपील मागे घेतो म्हणून, खाली सही, बाकीचं आम्ही बघतो. एवढंच होतं. दोन ओळींचं काम. पण मामा म्हणाला, "वैयक्तिक नको लिहू. वैयक्तिक म्हटलं की माणूस खोदते. असं लिही की फाईल पुन्हा उघडलीच नाही पाह्यजे." आणि मी, अक्षरवाली, निबंधात पहिली येणारी, पेन तोंडात धरून विचार करायला लागले. पुढचं वाक्य मला कोणी सांगितलं नाही. ते माझं आहे. 'वैद्यकीय मंडळाने नोंदविलेला निष्कर्ष, म्हणजेच सदर आजार आनुवंशिक असून सेवेशी त्याचा कोणताही संबंध नाही, हा मला पूर्णपणे मान्य आहे. सबब मी माझे अपील स्वखुशीने मागे घेत आहे.' 'सबब' लिहिलं तेव्हा मला फार बरं वाटलं होतं. मामा म्हणाला, "वा! वकील झाली असती."

बाबांनी चष्मा लावून अर्ज वाचला. बोट 'मान्य'वर थांबलं.

"हे काऊन लिहलं?"

"असं लिहायचं असतं, बाबा. नुसतं कागदावर असतं ते."

"नुसतं?" त्यांनी पेन उचललं आणि पुन्हा खाली ठेवलं. "मले सांग. तुले मान्य हाय का हे?"

आई बघत होती, मामा बघत होता. मला घाई होती. दुपारी ब्लाऊजचं माप द्यायला जायचं होतं. हे खरं आहे, मला ते ब्लाऊज आठवतंय.

"हो," मी म्हणाले. "मला मान्य आहे."

त्यांनी सही केली. सहीखाली, कोणी मागितला नसताना, फौजेतला नंबर लिहिला, त्याखाली हुद्दा. मग चार सह्यांचा कागद फिटच्या वहीत घातला आणि वही कपाटावर ठेवली. मी अर्ज घेऊन दुसरबीडला गेले, पोस्टात टाकायच्या आधी झेरॉक्स काढली. मला प्रत्येक कागदाची झेरॉक्स काढून ठेवायची सवय आहे. आग लागो त्या सवयीला.

एक गोष्ट तेव्हा आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आली नाही. बाबांचा आजार रक्तातला नाही असं म्हणणारा जगात एकच कागद होता, तो म्हणजे ते अपील. पोरीच्या लग्नात रक्ताची चौकशी होईल म्हणून आम्ही नेमका तोच कागद मारून टाकला, आणि रक्तातलंच आहे असं म्हणणारा मागं ठेवला. बाबा, मामा आणि मी, तीन शिकलेली माणसं होतो आम्ही.

लग्न थाटात झालं. कन्यादान मामा-मामीनं केलं. डीजेच्या लाईटनं बाबांना त्रास होतो, हे कारण सांगायला सोयीचं होतं आणि खरंही होतं. बाबा ब्लेझरवर पदकं लावून तयार झाले होते. मामानं ती काढायला लावली, म्हणाला, लोक विचारतील फौज काऊन सोडली, मग काय सांगाल? बाबा पंगतीत वाढत होते. सासरे आपल्या व्याह्याकडून भात घेत म्हणाले, "इवाई, फार साधे माणूस हो तुम्ही." मी खूश होते. खोटं कशाला बोलू, फार खूश होते.

चार वर्षं बरी गेली. पोरगी झाली. बाबा बारशाला आले तेव्हा दुपारीच परत गेले, जोखीम नको म्हणून. पोरगी दीड वर्षाची असताना एका सकाळी तापानं फणफणली, आणि माझ्या मांडीवर तिचे डोळे वर गेले, हातपाय ताठ झाले. सासूबाई ओरडत चप्पल घेऊन आल्या. मी त्यांचा हात झटकला. "चप्पल नाही! दाबू नका तिला!" मी पोरीला कुशीवर वळवलं, मान सैल केली आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. सगळं इतकं सराईतपणे झालं की मला स्वतःला कळलं नाही. झटका थांबला तेव्हा मी म्हणाले, "एक मिनिट चाळीस सेकंद."

 सासूबाई चप्पल हातात धरून माझ्याकडे बघत होत्या.

"तुले येवढं कसं माहीत गं?"

"शाळेत ट्रेनिंग झालं होतं," मी म्हणाले.

जालन्याच्या डॉक्टरांनी पोरीला तपासलं. म्हणाले, तापात होतं लहान मुलांना, बहुतेकांना पुन्हा होत नाही, घाबरू नका. मग सहज विचारलं, घरात कोणाला मिरगी आहे का? मी म्हणाले, नाही. सासरे डॉक्टरांकडे बघत नव्हते, माझ्याकडे बघत होते. जन्मभर कागदांत बसलेला माणूस. घरी आल्यावर त्यांनी पोरीचं लसीचं कार्ड शोधायचं म्हणून माझी सर्टिफिकेटांची फाईल काढली. प्रत्येक कागद वेगळ्या प्लास्टिकच्या पाकिटात, क्रमानं. डी.एड.च्या मार्कशीटच्या मागं ती झेरॉक्स होती.

सासऱ्यांनी ती दोनदा वाचली आणि स्वतःजवळ ठेवली. ओरडले असते तर बरं झालं असतं. सासूबाई मात्र स्वयंपाकघरात मला ऐकू येईल अशा आवाजात माझ्या नवऱ्याला म्हणाल्या, "हिच्या बापानं फसवलं असंन तं बापाचं पाप बापाकडं. पण हिले माहीत असून ही आली असंन, तं हिनं आजच्या आज बापासोबत जावं. पोरगी इथंच राह्यीन." तो जेवत राहिला. सासऱ्यांनी बाबांना फोन केला. "इवाई, नातीले बरं नाही. येऊन जा."

बाबा दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं आले. इस्त्रीचा शर्ट, हातात पिशवी. दारातच पिशवी उघडली. फिटची वही, सोबतच्या जवानाचं पत्र, चार सह्यांचा कागद. त्यांना वाटलं होतं, डॉक्टर विचारत असतील. "हे डॉक्टरले दाखवू," ते मला म्हणाले. चेहरा उजळला होता त्यांचा, खरंच. "पोरीले काही होत नाही, तू भिऊ नको. माहं डोक्याचं हाय, गाडीतलं. रक्तातलं नाही. पुरावा हाय आपल्याजवळ."

"बसा इवाई," सासरे म्हणाले. बाबांचे कागद त्यांनी चाळले, नीट जुळवून परत दिले. "हे सगळे जुने. ह्याच्यानंतरचा एक आमच्याजवळ हाय." आणि ती झेरॉक्स टीपॉयवर ठेवली.

मी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होते.

"सही तुमचीच?"

"हाव, माहीच."

"अन् अक्षर?"

बाबांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. एकदाच. माझ्या तोंडावर काय होतं मला माहीत नाही, पण त्यांनी ते वाचलं. पोरगी आतल्या खोलीत झोपली होती.

"माहंच हाय," बाबा म्हणाले.

"तुमचं? येवढं सुंदर?"

"फौजेत शिकलो."

सासरे थोडे हसले. टेबलावरचा पॅड आणि पेन त्यांनी बाबांच्या पुढ्यात सरकवलं. "लिहून दाखवा बरं."

गोळ्यांनी बाबांचा हात कापतो. त्यांनी पॅड मांडीवर घेतला. सासरे पहिलीच्या पोराला सांगावं तसं शब्द तोडून तोडून सांगत होते. माझा आजार. आनुवंशिक आहे. तो मला. माझ्या आईकडून आला.

बाबांचं पेन थांबलं. हे आईचं त्या अर्जात नव्हतं, हे सासऱ्यांनी आपल्या पदरचं घातलं होतं. चार सह्यांचा कागद बाबांच्या मांडीवरच्या पिशवीत होता, त्याचं टोक बाहेर दिसत होतं. मी बोलू शकत होते. एक वाक्य पुरलं असतं, 'ते अक्षर माझं आहे'. मी ट्रे धरून उभी होते.

त्यांनी लिहिलं. 'माझ्या आईकडून आला. हे मला पूर्णपणे मान्य आहे.' मग स्वतःच विचारलं, "पोरीले काही माहीत नव्हतं, हे बी लिहू का?"

"लिहा ना."

तेही लिहिलं. सही केली, खाली नंबर, त्याखाली हुद्दा.

वाकडीतिकडी, कोंबडी चालून गेल्यासारखी अक्षरं. माझ्या वर्गातल्या कोणत्याही पोरानं सांगितलं असतं की ही दोन अक्षरं एका माणसाची नाहीत. सासऱ्यांनी दोन्ही कागद शेजारी धरून पाहिले, मग मला पाहिलं, आणि दोन्ही एकाच पाकिटात घातले. त्यांना कळलं होतं. नवऱ्यालाही कळलं होतं, लग्नाआधी माझी पत्रं यायची त्याला. पण आता त्यांच्याकडे दोष कोणाचा ते लिहून आलं होतं आणि घरात जन्मभर मान खाली घालणारी सून होती. अजून काय पाहिजे?

"चहा घ्या इवाई," सासरे म्हणाले.

मी ट्रे ठेवला. "साखर कमी वाटली तर सांगा," मी म्हणाले. त्या पूर्ण बैठकीत मी बोललेलं वाक्य तेवढं एकच.

बाबांना बसस्टँडवर सोडायला मला एकटीला जाऊ दिलं. दुसरबीडवरून जाणारी मेहकरची गाडी लागलेली होती. बाबा खिडकीशी बसले, मी खाली उभी. रडू फुटत होतं, पण स्टँडवर शाळेतले पालक होते, म्हणून तेही आवरलं.

"बाबा, काऊन लिहलं तुम्ही? आजीचं काऊन लिहलं?"

त्यांना माझ्या प्रश्नाचंच नवल वाटलेलं दिसलं. राग नव्हता त्यांच्या आवाजात, टोमणाही नव्हता. टोमणा मारणं त्यांना कधी जमलंच नाही.

"तुले मान्य होतं ना," ते म्हणाले. "मी इचारलं होतं तुले. तू हो म्हटलं होतं."

 त्यांनी पिशवीत हात घालून वही काढली आणि खिडकीच्या गजांतून माझ्या हातात दिली. चार सह्यांचा कागद तेवढा आतून काढून घेतला, त्याची चौघडी करून खिशात ठेवली.

"ही तुह्याजवळ ठेव. मांगची पानं कोरी हायेत. पोरीले पुन्हा आली तं लिहत जाजो. मिनिटं नीट पाहजो. खाडाखोड करू नको."

सकाळी हाच माणूस रक्तातलं नाही म्हणून पुरावा घेऊन आला होता. कंडक्टरनं घंटी दिली आणि गाडी गेली.

पोरगी आता आठ वर्षांची आहे. पुन्हा एकदाही झटका आलेला नाही, वहीची पानं कोरीच आहेत. बाबा फोनवर तिची चौकशी करतात, शाळेचं विचारतात, वहीचं विचारत नाहीत. तो चार सह्यांचा कागद त्यांनी काय केला, ते मीही विचारलेलं नाही. पण पोरीला ताप आला की मी आधी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघते, मग तिच्याकडे.